हिंगोली जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतूक

हिंगोली जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतूक ही मुख्यतः महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची (एसटी) बससेवा, दक्षिण मध्य रेल्वेचा पूर्णा–अकोला लोहमार्ग आणि खासगी प्रवासी वाहने यांवर अवलंबून आहे. मराठवाड्याच्या ईशान्य टोकाला, विदर्भाच्या सीमेवर असलेला हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. त्यामुळे येथील सार्वजनिक वाहतुकीचा विचार शहरांतर्गत प्रवासापेक्षा खेडे ते तालुका आणि तालुका ते जिल्हा या प्रवासाच्या अंगाने करावा लागतो. जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा विमानतळ नांदेड येथे आहे. जिल्ह्यात नोंद होणाऱ्या वाहनांचा क्रमांक ‘एमएच ३८’ या अक्षरांनी सुरू होतो.

पार्श्वभूमी

हिंगोलीचे दळणवळण तिच्या लष्करी इतिहासाशी निगडित आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे १९०३ पर्यंत हिंगोलीत होते. छावणीच्या आश्रयाने शहर वाढले. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील वस्त्यांची आजही प्रचलित असलेली नावे त्याच काळाची आठवण देतात. छावणीला रसद पोचविणारे रस्ते आणि परिसरातील कापसाचा व्यापार यांमुळे हिंगोली ही निजामाच्या राज्यातील एक महत्त्वाची कापूसपेठ बनली. पुढे येथे लोहमार्ग आला, त्यामागे प्रवाशांच्या सोयीपेक्षा कापसाच्या गाठींचे कारण अधिक होते असे म्हणता येते.

हैदराबाद संस्थानात प्रवासी बससेवा निजामाच्या राज्य रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू केली. सरकारने स्वतः चालविलेल्या बससेवेचा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयोग मानला जातो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबादच्या मूळ सेवेपासून येथील गाड्या वेगळ्या झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली होती. मराठवाड्यातील बससेवा मात्र महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, १९६१ मध्ये राज्याच्या मार्ग परिवहन महामंडळात पूर्णपणे विलीन झाली. म्हणजे मराठवाड्यातील सरकारी बससेवेचा वारसा पुणे–अहमदनगरच्या पहिल्या एसटीहून जुना आहे. एसटीच्या इतिहासाबद्दल लिहिताना या गोष्टीचा उल्लेख क्वचितच केला जातो.

एसटी बससेवा

जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथे एसटीची आगारे आहेत. सेनगाव आणि औंढा नागनाथ ही तालुक्याची ठिकाणे असूनही तेथे आगार नाही. तेथील फेऱ्या हिंगोली, कळमनुरी, वसमत, जिंतूर आदी शेजारच्या आगारांतून चालविल्या जातात. याचा परिणाम रोजच्या वेळापत्रकावर होतो. ज्या गावी आगार असते तेथून पहाटेची पहिली गाडी सुटू शकते आणि बिघडलेल्या गाडीच्या जागी दुसरी पाठविता येते. आगार नसलेल्या तालुक्याला पहिली गाडी बाहेरून येईपर्यंत थांबावे लागते, आणि गाड्यांचा तुटवडा पडला की लांबच्या खेड्यांच्या फेऱ्या आधी रद्द होतात.

विभागीय कार्यालयाचा प्रश्न

जिल्हा स्वतंत्र होऊन पाव शतक उलटले, तरी एसटीच्या कारभारात हिंगोली अजून परभणीचाच भाग आहे. परभणी विभागात परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, हिंगोली, वसमत आणि कळमनुरी अशी सात आगारे येतात. त्यांपैकी तीन हिंगोली जिल्ह्यातील आहेत. नव्या गाड्यांचे वाटप, चालक-वाहकांच्या नेमणुका, नव्या मार्गांना मंजुरी आणि मोठ्या दुरुस्तीची कामे हे सारे विभागीय पातळीवर ठरते. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय अशी सर्व यंत्रणा हिंगोलीत असली, तरी खेड्यातील एखादी फेरी सुरू करण्याचा वा बंद करण्याचा निर्णय जिल्ह्याबाहेर होतो. हिंगोलीसाठी स्वतंत्र विभाग असावा ही मागणी यातूनच पुढे येत राहिली आहे.

ही स्थिती एकट्या हिंगोलीची नाही. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यातील आगारे अकोला विभागात, गोंदिया जिल्ह्यातील आगारे भंडारा विभागात आणि नंदुरबार जिल्ह्यातील आगारे धुळे विभागात आहेत. महसुली जिल्हे नवे झाले, पण एसटीचे विभाग जुन्याच रेषांवर राहिले. स्वतंत्र विभागासाठी कार्यशाळा, भांडार आणि प्रशासकीय मनुष्यबळ यांचा खर्च येतो. तीन आगारांसाठी तो परवडेल का, हा महामंडळाच्या बाजूचा प्रश्नही निरर्थक म्हणता येत नाही. मात्र विभाग न करताही सेनगाव किंवा औंढ्याला छोटे आगार देता येते. या दोन मागण्या चर्चेत बऱ्याचदा एकच समजल्या जातात.

मुक्कामी गाडी

ग्रामीण मराठवाड्यातील एसटीच्या सेवेचे एक वैशिष्ट्य म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघालेली बस मार्गाच्या शेवटच्या गावी रात्री थांबते, चालक-वाहक गावातच मुक्काम करतात आणि सकाळी तीच गाडी विद्यार्थी, दूधवाले, दवाखान्याला जाणारे रुग्ण आणि बाजारकरी यांना घेऊन तालुक्याकडे परत निघते. ज्या गावाला मुक्कामी गाडी असते त्या गावाचा दिवस तिच्या वेळेने सुरू होतो. ही फेरी बंद झाल्यास बारमाही डांबरी रस्ता असूनही गावाचा सकाळचा संपर्क खासगी वाहनांच्या मर्जीवर जातो. चालक-वाहकांसाठी गावात झोपण्याची व स्वच्छतागृहाची सोय नसणे ही या पद्धतीची जुनी अडचण आहे, आणि फेऱ्या बंद होण्यामागे ती अनेकदा एक कारण असते. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ या धोरणामुळे अधिकृत थांबा नसलेल्या फाट्यांवरही साध्या गाड्या थांबतात. मराठवाड्यात जिथे मुख्य रस्त्यापासून गाव दोन-चार किलोमीटर आत असते, तिथे फाटा हेच त्या गावाचे खरे स्थानक असते.

विद्यार्थी आणि सवलती

जिल्ह्यात माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये मोठ्या गावांतच असल्याने सातवी-आठवीनंतरचे शिक्षण बसवर अवलंबून असते. मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे, कारण मुलगा सायकलने किंवा कोणाच्या मोटारसायकलवर बसून जाऊ शकतो, मुलीला बहुधा तशी परवानगी नसते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत २०११–१२ पासून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी निळ्या रंगाच्या स्वतंत्र बसगाड्या देण्यात आल्या. त्या एसटीमार्फतच चालविल्या जातात. हिंगोली जिल्ह्यालाही या योजनेचा लाभ झाला. गाड्या शाळेच्या वेळेशी जोडलेल्या असतात. शाळेची वेळ बदलली किंवा परीक्षेचे दिवस आले की वेळापत्रक पुन्हा जुळवावे लागते, आणि ते वेळेवर न जुळल्याच्या तक्रारी दर वर्षी होतात.

विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत ग्रामीण भागातील शाळकरी मुलींचा पास मोफत असतो. जून २०२५ पासून हे पास आगारातील रांगेऐवजी थेट शाळा-महाविद्यालयांतून देण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. आगार नसलेल्या तालुक्यांतील मुलांचा पाससाठी होणारा एक फेरा त्यामुळे वाचतो.

प्रौढ प्रवाशांच्या सवलतींत अलीकडे दोन मोठे बदल झाले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या गाड्यांत तिकिटावर ५० टक्के सवलत मिळू लागली. ६५ ते ७५ वयोगटासाठी निम्म्या दराची सवलत पूर्वीपासून होती. या सवलतींची भरपाई राज्य शासन महामंडळाला देते. महिलांच्या सवलतीमुळे राज्यभर एसटीच्या प्रवाशांत वाढ झाली. ज्या मार्गावर एसटी आणि खासगी जीप दोन्ही चालतात तेथे महिलांसाठी एसटी निम्म्याने स्वस्त झाली. पण ज्या मार्गावर फेरीच नाही, तेथील बाईला या सवलतीचा उपयोग नाही. सवलतीचे मूल्य शेवटी फेऱ्यांच्या संख्येवर ठरते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीच्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली.

करोनाकाळ आणि संप

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे एसटी थांबली. आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० पासून पुन्हा सुरू झाली, पण शाळा बंद असल्याने ग्रामीण फेऱ्यांना प्रवासी नव्हते. ती घडी बसते न बसते तोच, राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप पुकारला. तो राज्याच्या इतिहासातील एसटीचा सर्वांत लांबलेला संप ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितल्यानंतर सेवा पूर्ववत होऊ लागली. जवळजवळ दोन वर्षांच्या या खंडाचा ग्रामीण भागावर झालेला परिणाम आकड्यांपेक्षा सवयीत दिसतो. लोकांनी मोटारसायकली घेतल्या, खासगी वाहनांचे ठरावीक मार्ग पक्के झाले आणि जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्याने महामंडळाकडे सगळ्या फेऱ्या पुन्हा सुरू करण्याइतका ताफाही उरला नाही.

रेल्वे

हिंगोली जिल्ह्यातून पूर्णा–हिंगोली–वाशिम–अकोला हा एकच लोहमार्ग जातो. वसमत आणि हिंगोली ही त्यावरील जिल्ह्यातील प्रमुख स्थानके असून चोंढी, कन्हेरगाव नाका यांसारखी लहान स्थानकेही आहेत. कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ ही तालुक्याची गावे लोहमार्गावर नाहीत. हिंगोली स्थानकाचे अधिकृत नाव ‘हिंगोली डेक्कन’ असे आहे. मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. हा विभाग २००३ मध्ये हैदराबाद विभागातून वेगळा काढण्यात आला.

मीटरगेज काळ

निजामाच्या राज्यातून जाणारा हैदराबाद–मनमाड हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्यावरील पूर्णा स्थानकातून हिंगोलीपर्यंतची सुमारे ८० किलोमीटरची शाखा १९१२ मध्ये खुली झाली. त्या वेळी हिंगोली हे शेवटचे स्थानक होते. वऱ्हाड आणि मराठवाडा हे शेजारी असूनही वेगवेगळ्या सत्तांखाली असल्याने लोहमार्ग सीमेजवळ येऊन थांबला होता. स्वातंत्र्यानंतर हिंगोलीपासून वाशिम, अकोला, अकोट या मार्गाने खंडव्यापर्यंत जोडमार्ग बांधण्यात आला आणि दक्षिण व उत्तर भारतातील मीटरगेजची जाळी एकमेकांस मिळाली. त्यामुळे काचीगुड्याहून राजस्थानात थेट जाणाऱ्या गाड्या हिंगोलीतून धावू लागल्या. काचीगुडा–जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. हिंगोली, वाशिम, अकोला परिसरातील मारवाडी व्यापारी कुटुंबांना गावी जाण्यासाठी ही गाडी सोयीची होती, आणि अजमेरला जाणाऱ्या भाविकांनाही.

रुंदीकरण आणि त्यानंतर

१९९० च्या दशकात मनमाड ते मुदखेड हा मुख्य मार्ग रुंद झाला, पण पूर्णा–अकोला शाखा मीटरगेजच राहिली. या मधल्या काळात हिंगोलीचे नुकसान झाले. मुंबई, पुणे वा हैदराबादला जाणाऱ्या प्रवाशाला पूर्णा येथे गाडी बदलावी लागे आणि मालही एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागे. सुमारे २०९ किलोमीटरच्या पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेच्या मुंबई–हावडा मार्गावरील अकोल्याशी थेट संबंध जुळल्याने नागपूर, अमरावती, तिरुपती, हैदराबाद, जयपूर या दिशांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या हिंगोलीतून जाऊ लागल्या. कोल्हापूर–नागपूर ही पंढरपूर, लातूर, परळी, परभणी मार्गे जाणारी गाडीही याच मार्गाने जाते. तिच्यामुळे हिंगोलीच्या वारकऱ्यांना पंढरपूरची थेट गाडी मिळाली. १९ जुलै २०२५ रोजी काचीगुडा–भगत की कोठी (जोधपूर) ही गाडी सुरू झाली आणि मीटरगेजबरोबर सुटलेला राजस्थानचा एक धागा पुन्हा जुळला.

अकोल्याच्या पुढचा भाग मात्र अपुरा आहे. अकोला–अकोट टप्पा रुंद होऊन त्यावर २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. अकोट ते खंडवा हा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने जंगलातून रुंदीकरण करावे की बाहेरून वळसा घालून नवा मार्ग टाकावा यावर दीर्घ वाद झाला, आणि वळशाचा पर्याय पुढे आला. तोपर्यंत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या अकोल्याहून भुसावळमार्गे जातात.

मुंबईची थेट गाडी

मुंबईला थेट जाणारी रोजची दिवसाची गाडी हा हिंगोलीकरांचा अनेक वर्षांचा विषय होता. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. त्यानंतर २०२४ मध्ये मुंबई–जालना जनशताब्दी एक्सप्रेस (१२०७१/१२०७२) परभणी, पूर्णा मार्गे हिंगोलीपर्यंत वाढविण्यात आली. मुळात औरंगाबादपर्यंत असलेली ही गाडी आधी जालन्यापर्यंत आणि मग हिंगोलीपर्यंत आली. या विस्ताराने हिंगोली प्रथमच मुंबईच्या एका नियमित जलद गाडीचे आरंभस्थानक झाले. आरंभस्थानक असल्याने गाडीत जागा मिळण्याची शक्यता वाढते, ही लहान शहराच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मधल्या स्थानकावर आरक्षणाचा कोटा मोजका असतो.

या गाडीच्या वेळेमुळे जिल्ह्यातील एक जुनी उणीव ठळक झाली. गाडी हिंगोलीहून पहाटे निघते आणि परतीची रात्री उशिरा पोचते. या दोन्ही वेळी खेड्यांकडून स्थानकाकडे येणारी वा स्थानकाहून जाणारी एसटी नसते. मुक्कामी गाडी सकाळी निघते, तोवर रेल्वे गेलेली असते. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील प्रवाशाला आदल्या रात्री हिंगोलीत मुक्काम करावा लागतो किंवा खासगी वाहन ठरवावे लागते. त्यामुळे अनेकदा रेल्वेच्या तिकिटापेक्षा घर ते स्थानक हा प्रवास महाग पडतो.

करोनाकाळात बंद झालेल्या सवारी गाड्या पुढे ‘विशेष’ म्हणून एक्सप्रेसच्या दराने सुरू झाल्या. रोज ये-जा करणाऱ्यांना याची झळ बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर सवारी गाड्यांचे जुने सामान्य दर पुन्हा लागू झाले. अमृत भारत स्थानक योजनेत हिंगोली स्थानकाचा समावेश आहे.

शेजारून जाणाऱ्या वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम सुरू असून त्यातील वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग पुसद, उमरखेड, हदगाव या बाजूने नांदेडला येणार असल्याने कळमनुरी तालुक्याच्या पूर्व भागाला त्याचा उपयोग होऊ शकेल.

रस्ते

राष्ट्रीय महामार्ग १६१ हा अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड–देगलूर असा जाऊन तेलंगणातील संगारेड्डीस मिळतो. जिल्ह्यात तो कन्हेरगाव नाका येथे प्रवेश करतो आणि हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या मार्गाने नांदेडकडे जातो. वारंगा फाट्यावर त्याला तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा महामार्ग ३६१ मिळतो, म्हणून हे छोटे गाव एसटी आणि खासगी बसगाड्या बदलण्याचे महत्त्वाचे ठिकाण झाले आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस परभणी–वसमत–नांदेड हा रस्ता महामार्ग ६१ चा भाग आहे. वसमत तालुक्याचा रोजचा व्यवहार यामुळे हिंगोलीपेक्षा नांदेड आणि परभणीशी अधिक आहे. जिल्ह्याच्या कामासाठी हिंगोलीस आणि दवाखाना, बाजार, शिक्षण यांसाठी नांदेडला, अशी वसमतकरांची ओढाताण होते.

महामार्ग चौपदरी झाल्याने नांदेड आणि अकोल्याचा प्रवास जलद झाला. वळणरस्ते गावांच्या बाहेरून जातात. जलद गाडी वळणरस्त्याने गेली तर गावातील थांबा सुटतो, आणि मधल्या दुभाजकामुळे समोरच्या बाजूच्या थांब्यावर जाण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागतो. पावसाळ्यात कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांना व ओढ्यांना पूर आला की आतल्या रस्त्यांवरील कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि त्या दिवसापुरती बससेवा खंडित होते.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग हा पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा प्रस्तावित द्रुतगती मार्ग ज्या बारा जिल्ह्यांतून आखला गेला त्यांत हिंगोलीचा समावेश आहे, आणि औंढा नागनाथ हे त्याने जोडावयाच्या तीर्थस्थळांपैकी एक आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पास मान्यता दिली. सुपीक जमीन जाणार म्हणून कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला असून हिंगोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातही मोजणीला विरोध झाला. प्रवेश-नियंत्रित मार्गावर खेड्यांचे थांबे नसतात. म्हणून ज्या गावांची जमीन जाते त्यांच्या रोजच्या प्रवासात अशा रस्त्याने काही बदलेलच असे नाही, हा मुद्दा या वादात जमिनीच्या मोबदल्याच्या तुलनेत कमी बोलला जातो.

खासगी वाहने

काळी-पिवळी जीप, तीनचाकी टमटम आणि रिक्षा ही जिल्ह्यातील आडमार्गांवरील खरी वाहतूक आहे. गाडी भरली की निघते, त्यामुळे वेळापत्रक नसते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती लवकर भरते, इतर दिवशी थांबावे लागते. सवलती लागू नसतात आणि क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी बसविणे हा नेहमीचा प्रकार आहे. तरीही संध्याकाळी सहानंतर अनेक गावांकडे जाणारे दुसरे साधन नसते. पुणे आणि मुंबईला जाण्यासाठी रात्रीच्या खासगी आराम बसगाड्यांचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘ट्रॅव्हल्स’चा, मोठा वापर होतो. पुण्याच्या कारखान्यांत व बांधकामांवर गेलेल्या तरुणांमुळे दिवाळी आणि लग्नसराईत त्यांचे दर चढतात.

हिंगोली नगरपरिषदेची स्वतंत्र शहर बससेवा नाही. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. छावणीच्या काळातील जुन्या वस्त्या एकमेकींना लागून असल्याने तेथे पायी फिरता येते, परंतु शहर आता अकोला, नांदेड आणि औंढा या रस्त्यांच्या कडेने पसरत आहे. नव्या वसाहतींतून बसस्थानक, रेल्वे स्थानक, जिल्हा रुग्णालय किंवा २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यासाठी रिक्षा हेच साधन आहे.

शेतमजुरांची वाहतूक

जिल्ह्यातील एक मोठी दैनंदिन ये-जा कोणत्याही वेळापत्रकात येत नाही. हळद, कापूस, सोयाबीन यांच्या हंगामात शेतमजूर, विशेषतः स्त्रिया, शेजारच्या गावांत वा तालुक्यांत कामाला जातात. वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध असून ‘वसमत हळद’ हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढणीला मजूर मोठ्या संख्येने लागतात. ही वाहतूक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मालवाहू टेम्पोतून होते. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळून सात स्त्रियांचा मृत्यू झाला. कामाच्या जागी सकाळी आठच्या आत पोचावे लागते आणि शेत मुख्य रस्त्यापासून आत असते. एसटीची फेरी आणि निम्म्या तिकिटाची सवलत या दोन्हींच्या कक्षेबाहेर हा प्रवास राहतो. मालवाहू वाहनातून माणसे नेण्यास कायद्याने मनाई असली तरी पर्यायी साधन नसल्याने ती मनाई कागदावरच आहे.

यात्रा आणि उत्सवकाळ

औंढा नागनाथ येथील नागनाथ मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. महाशिवरात्री आणि श्रावणी सोमवारी हिंगोली, परभणी, वसमत, जिंतूर येथून जादा गाड्या सोडल्या जातात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सी नामदेव येथे आषाढ वद्य एकादशीला परतवारीची यात्रा भरते. पंढरपूरहून परतलेले वारकरी येथे येतात, आणि त्या एका दिवशी हिंगोली–नर्सी या छोट्या रस्त्यावर वर्षातील सर्वाधिक बसफेऱ्या होतात. अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घेण्यासाठी मराठवाडा आणि विदर्भातून भाविक येतात. दसरा महोत्सवातही शहरात मोठी गर्दी होते. यात्रेच्या जादा गाड्या आगारांच्या नेहमीच्या ताफ्यातूनच काढल्या जात असल्याने त्या दिवशी ग्रामीण फेऱ्या कमी होतात.

लायगो-इंडिया आणि वाहतूक

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळेचे चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू अतिसूक्ष्म कंपनेही टिपतात. त्यामुळे लोहमार्ग, अवजड वाहतुकीचे महामार्ग आणि कारखाने यांपासून दूर असणे हा जागेच्या निवडीतील एक निकष होता. ज्या एकाकीपणामुळे औंढ्याला रेल्वे वा आगार मिळाले नाही, तोच येथे उपयोगी पडला. पुढील काळात परिसरात नवे रस्ते आखताना वेधशाळेपासूनचे अंतर विचारात घ्यावे लागेल, आणि तेथे येणारे कर्मचारी, संशोधक व विद्यार्थी यांच्यासाठी हिंगोली रेल्वे स्थानक ते औंढा हा सुमारे २५ किलोमीटरचा बसमार्ग महत्त्वाचा ठरेल.